फडातला माणूस आणि आपल्या मनातला ग्रह



या सदरात आपण बेणे, खते, लागणीचे अंतर, खोडव्याची निगा यांविषयी वाचत असतो. या वेळी विषय थोडा निराळा आहे. पण तोही आपल्या रानातलाच. ऊस कितीही चांगला पिकवला तरी तो गव्हाणीत पडेपर्यंत त्याला टोळीवाले, मुकादम, चिटबॉय, गाडीवान अशा अनेकांचे हात लागतात. या माणसांविषयी आपल्या मनात काही ग्रह असतात. ते कुठून येतात, आणि त्यात नुकसान कुणाचे होते, एवढेच आज बघू.

ग्रह कसा बनतो?

गावच्या कट्ट्यावर कुणी तरी म्हणतोच, "टोळी म्हणजे उचल घेऊन पळणारी." त्याला विचारावे, "तुमची पळाली का?" तर उत्तर येते, "माझी न्हाई, पावण्यांची पळाली हुती." म्हणजे गोष्ट एक, तीही ऐकीव, आणि शिक्का मात्र सगळ्यांवर! फसवणूक होतच नाही असे माझे म्हणणे नाही. ज्याने पैसे बुडवले त्याच्याकडून ते कायद्याने वसूल व्हावेत. पण त्याचा राग पहाटेच्या थंडीत आपल्या उसाला भिडलेल्या दुसऱ्याच जोडप्यावर काढून काय उपयोग?

आणि गोष्टी काही आपणच सांगत नाही. टोळीच्या खोपीतही सांगतात, "त्या गावचे बागायतदार प्यायला पाणीसुद्धा देत नाहीत." ती घडलेली असते एका रानात, पण नाव जाते सगळ्या गावाचे. मग पुढच्या हंगामात त्या गावात यायला टोळी नाखूश असते.

कोल्हापूरचाच धडा

याबाबत आपल्याला दूर जायला नको. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून बरोबरीच्या सवर्ण नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर गंगारामांनी आपली हकीकत त्यांना सांगितली. महाराजांनी ती ऐकून घेतली आणि मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांना मदत देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढायला लावले. सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले.

यातली मेख लक्षात घ्या. गंगाराम हौदाला शिवले, ही मारणाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट. एक माणूस कामावर असताना तहान लागली म्हणून मार खातो, ही गंगारामांची गोष्ट. प्रसंग एकच, पण सांगणारा बदलला की न्याय बदलतो. आणि नुसते हळहळून भागत नाही, त्यामागे व्यवस्था लागते. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने महाराजांनी संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. महार, मांग, रामोशी, बेरड यांना गुन्हेगार समजून चावडीवर हजेरी द्यायला लावत. ती पद्धत त्यांनी १९१८ साली बंद केली. ज्यांना जग चोर म्हणे त्या फासेपारध्यांना तर त्यांनी पहाऱ्याचे काम दिले. विश्वास टाकला, आणि माणसांनी तो राखला.

पुढे अशा माणसांनी स्वतःच आपली कहाणी लिहिली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली. टोपल्या विणत गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाचे जिणे 'उपरा'मुळे घरोघर कळले. तोवर त्या लोकांविषयी दुसरेच बोलत होते.

आपल्या हंगामात

टोळीचा हिशेब 'कोयत्या'वर चालतो. नवराबायको मिळून एक कोयता. बाई तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, शिवाय खोपीवर भाकरी तिनेच थापायची. पण उचलीच्या कागदावर बहुधा नाव नवऱ्याचे. तिची गोष्ट कुठे लिहिलेलीच नाही, म्हणून तिची गरजही कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरे, "टोळी आळशी, ऊस बांधावर वाळतोय" अशी तक्रार येते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा हे खरेच. उशीर झाला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात. पण पुष्कळदा गाडी कारखान्यावर नंबरात अडकलेली असते आणि टोळी रात्रभर तिचीच वाट बघत बसलेली असते. विचारल्याशिवाय हे कळायचे कसे?

सभासदांनी एवढे जरूर करावे :

१) टोळी रानात आली की मुकादमापुरते न थांबता माणसांची नावे व गाव विचारावे. "ए टोळीवाले" अशी हाक मारू नये.

२) पिण्याच्या पाण्याची सोय दाखवावी. भांडे वेगळे ठेवू नये.

३) बायकांसाठी आडोशाची जागा करून द्यावी, बाळंतीण किंवा आजारी बाई असल्यास गट कार्यालयात लगेच कळवावे.

४) तोड जमिनीलगत हवी असेल तर पहिल्याच दिवशी, शांतपणे, स्वतः उभे राहून सांगावे. शिवी देऊन बुडखा खाली तुटत नाही.

५) तक्रार करताना त्या माणसाची करावी; जिल्ह्याची किंवा जातीची करू नये.

आपल्यातल्या कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्याच्या बांधावर रोजगार केला आहे. घरी ती गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तशीच गोष्ट आज आपल्या फडात कोयता घेऊन उभी आहे. ती ऐकायला पाच मिनिटे लागतात. यंदा तोड सुरू होताच प्रत्येकाने तेवढी काढावीत, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी