कर्जतमध्ये चांगलं कुठे मिळेल?

प्रश्न : मुंबईहून कर्जतला राहायला आलो आहोत. चांगली खाणावळ, भाजीवाले कसे शोधावेत?

उत्तर : फलाटावरचा दिवाडकरांचा वडा खाल्लाच असेल. घाट चढायला गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं लागतात. ती जोडायच्या थांब्यानेच या वड्याचं नाव झालं. खोपोलीला गेलात तर रमाकांतचा वडापाव. खाणावळीचं मात्र फार्महाउसवाल्यांना नको, रिक्षा स्टँडवर विचारा. पाटीवर पंजाबी-चायनीज असलं तरी तांदळाची भाकरी मिळते का, हे विचारायला लाजू नका.

भाजी सकाळी लवकर, जमिनीवर वाटे मांडून बसलेल्या ठाकर-कातकरी बायकांकडून घ्या. पावसाच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी येते. सोबत काकडं ही आंबट फळंही मागून घ्या. त्या आंबटाशिवाय शेवळं घशाला खाजतात. घासाघीस नको. शिजवायची कशी, तेही त्याच सांगतील.