केसपेपरवरची एक ओळ

आरोग्य विम्याचा क्लेम मंजूर करणारा माणूस रुग्णाला कधीच पाहत नाही. तो पाहतो फक्त कागद: कॅज्युअल्टीतला केसपेपर, डिस्चार्ज समरी, बिलं, रिपोर्ट. त्यामुळे घरचं माणूस दवाखान्यात असताना औषधांइतकंच लक्ष या कागदांवरही ठेवावं लागतं. माझ्या यजमानांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी हे आम्हाला फार महागात पडून कळलं. म्हणून हे लिहिते आहे.

यांच्या छातीत कळ आली तेव्हा धाकट्या दिरांनी त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी चालू असतानाच तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, ‘बीपी किती वर्षांपासून आहे?’ भाऊजी म्हणाले, ‘असेल सात-आठ वर्षं.’ केसपेपरवर ओळ उमटली: ‘नोन केस ऑफ हायपरटेन्शन, ८ वर्षे’. खरं तर बीपीचं निदान होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि पॉलिसी होती चार वर्षांची. सख्खा भाऊ स्ट्रेचरवर असताना कुणाला तारखा आठवतात? पण त्या एका ओळीनं आजार पॉलिसीच्या आधीचा ठरला.

सुरुवातीची कॅशलेस मंजुरी आली होती. डिस्चार्जच्या दिवशी अंतिम बिल गेलं आणि ‘क्वेरी’ आली. टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवरचा मुलगा दर वेळी स्क्रीनकडे बघून ‘अजून पेंडिंग आहे’ एवढंच सांगे. संध्याकाळी नकार आला: उच्च रक्तदाबाची माहिती प्रपोजल फॉर्ममध्ये दडवली. एफडी मोडली, नणंदेनं हात दिला, आणि आम्ही घरी आलो. पैशांपेक्षाही ‘दडवली’ हा शब्द यांच्या जिव्हारी लागला.

आम्हाला तारलं ते जुन्या कागदांनीच. यांच्या ऑफिसात दरवर्षी आरोग्य तपासणी व्हायची. पॉलिसी घेतली त्या वर्षीच्या आणि त्यानंतरच्या वर्षीच्या रिपोर्टांत रक्तदाब नॉर्मल होता. फॅमिली डॉक्टरांची बीपीच्या गोळीची पहिली चिठ्ठी तारखेसह मिळाली. हृदयरोगतज्ज्ञांनीही पत्र दिलं की, केसपेपरवरचा कालावधी नातेवाइकांनी घाईत अंदाजानं सांगितलेला आहे, त्याला कोणत्याही जुन्या कागदाचा आधार नाही. कंपनीच्या तक्रार विभागानं तरीही पहिलाच नकार पुन्हा पाठवला. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो. सुनावणी व्हिडिओवर झाली, वकील लागला नाही, फी पडली नाही. निकाल आमच्या बाजूनं लागला आणि पैसे खात्यात जमा झाले.

यातून जे हाती आलं ते सांगते.

दाखल करताना आजाराचा कालावधी अंदाजानं सांगू नका. नक्की माहीत नसेल तर ‘माहीत नाही, जुनी फाइल आणून दाखवतो’ असं सांगा आणि तसंच लिहायला लावा. रुग्ण स्थिर झाला की दुसऱ्याच दिवशी वॉर्डातल्या डॉक्टरांना ‘हिस्ट्री’त काय लिहिलंय ते विचारा. चूक असेल तर पुराव्यासह तिथेच दुरुस्त करून घ्या, कारण क्लेम नाकारल्यानंतर केलेल्या दुरुस्तीकडे संशयानं पाहिलं जातं. खरा आजार मात्र कधीही लपवू नका. त्यानं पॉलिसीचा पायाच जातो.

खोली घेण्याआधी पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा बघा. पाच लाखांच्या विम्यावर एक टक्का मर्यादा असेल तर दिवसाला ५,००० रुपये होतात. तुम्ही ८,००० ची खोली घेतली तर वरचे ३,००० भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात; १,६०,००० रुपयांपैकी १,००,०००च मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लागू नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. बिलात तशी कपात दिसली तर लेखी हरकत घ्या.

डिस्चार्ज समरीचा मसुदा सही होण्याआधी वाचायला मागा. नाव, वय, तारखा, निदान, आजाराचा कालावधी, आणि दाखल करणं का गरजेचं होतं, हे सगळं त्यात स्पष्ट हवं. ‘फक्त तपासणीसाठी दाखल केलं’, ‘घरी राहूनही उपचार झाले असते’ या कारणांनी बरेच क्लेम अडतात. सलाइन, इंजेक्शनं, ऑक्सिजन दिला असेल तर त्याची नोंद समरीत आली पाहिजे. इनडोअर केसपेपरची प्रतही मागून घ्या, तो रुग्णाचा हक्क आहे.

विमा नियामक आयआरडीएआयनं मे २०२४ मध्ये काढलेलं परिपत्रक लक्षात असू द्या. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाल्यामुळे दवाखान्यानं जादा आकार लावला तर तो कंपनीनं सोसायचा. क्लेम नाकारायचा असेल तर कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते आणि पॉलिसीतल्या कोणत्या अटीवर नाकारला ते सांगावं लागतं. म्हणून फोनवरच्या नकारावर थांबू नका, ‘कोणत्या कलमाखाली, ते लेखी द्या’ असं म्हणा. पॉलिसी सलग पाच वर्षं चालू असेल तर माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. आमची पॉलिसी चार वर्षांची असल्यामुळे ही ढाल आम्हाला मिळाली नाही. नवी कंपनी स्वस्त मिळते म्हणून जुनी पॉलिसी मोडणाऱ्यांनी याचा विचार करावा. बदलायचीच असेल तर पोर्ट करा, म्हणजे आधीची वर्षं धरली जातात.

नकार आल्यावर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. मुदत नकारानंतर एक वर्षाची आणि रकमेची मर्यादा ५० लाखांची आहे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. पण आयोगात आधीच दावा लावला असेल तर त्याच प्रकरणात लोकपाल तक्रार घेत नाहीत.

हे सगळं रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाकडून होत नाही. त्या दिवसांत माझं लक्ष मॉनिटरवरून हलत नव्हतं. म्हणून घरातल्या, नात्यातल्या एकाला हे काम आधीच नेमून द्या. पॉलिसीची प्रत, प्रत्येकाचे जुने रिपोर्ट आणि औषधाच्या पहिल्या चिठ्ठ्या कुठे आहेत ते त्याला माहीत हवं. आणि तुम्ही सही केलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत कंपनीकडून आजच मागवा. तो बहुतेकदा एजंटनं भरलेला असतो. त्यात तुमच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाचा, चुकीचं असेल तर कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. घरातले सगळे धडधाकट असतानाच हे काम शांतपणे होतं.