‘पास’ : एक क्रियापद, अनेक अर्थ

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातील रेल्वेचे जंक्शन आहे. नांदेडकडून येणारा लोहमार्ग येथे दुभंगतो. एक मार्ग उमरी, धर्माबादवरून निजामाबादकडे जातो, तर दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवट अशी गावे घेत आदिलाबादला पोहोचतो. एखादी गाडी न थांबता निघून गेली, की फलाटावरील मनुष्य ‘गाडी पास झाली’ असे म्हणतो. तोच मनुष्य घरी ‘मुलगा पास झाला’ असे सांगतो, ग्रामसभेत ‘ठराव पास झाला’ असे ऐकतो आणि पंचायत समितीच्या कार्यालयात ‘बिल पास झाले काय?’ अशी विचारणा करतो. शब्द एकच; घडलेली गोष्ट मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी. म्हणूनच या छोट्या इंग्रजी क्रियापदाचा अभ्यास शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य या सर्वांनाच उपयुक्त ठरावा.

मूळ अर्थ

‘पास’ या क्रियापदाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे ‘पासुस’ म्हणजे पाऊल. फ्रेंच भाषेतून हा शब्द इंग्रजीत आला, तो ‘पुढे जाणे, ओलांडणे’ हा अर्थ घेऊन. पुढील सर्व अर्थ या एकाच कल्पनेतून विस्तारले. सरहद्द ओलांडण्याची परवानगी देणारा कागद तो पासपोर्ट. मराठीत त्यास पारपत्र म्हणतात. वेळ पुढे सरकतो, म्हणून ‘टाइमपास’. खेळाडू चेंडू साथीदाराकडे देतो, तोही पास. इंग्रजीत मृत्यूचा सौम्य शब्दांत उल्लेख करतानाही हेच क्रियापद योजतात.

मराठीतील ‘पासून’ किंवा ‘जवळपास’ या शब्दांशी त्याचा काही संबंध नाही. ते संस्कृत ‘पार्श्व’ म्हणजे बाजू या शब्दापासून आले आहेत. वखराच्या लोखंडी पात्यासही शेतकरी ‘पास’ म्हणतात. तो शब्दही वेगळाच. उच्चार सारखा म्हणून कूळ एक, असे समजणे योग्य नव्हे.

सोबतच्या नामाचे महत्त्व

इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ सोबतच्या नामावरून ठरतो. मराठीत मात्र त्या त्या नामासाठी स्वतंत्र शब्द रूढ आहेत. विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतो. विधेयक संमत होते. बांधकामाचा नकाशा मंजूर होतो. देयक पारित होते. न्यायालय आदेश देते. वेळ जातो किंवा घालविला जातो. भाषांतर करताना क्रियापद पाहून शब्द निवडला तर चूक होते. नाम पाहून निवडला तर सहसा होत नाही.

या शब्दांच्या अंतरंगातही भेद आहे. ‘उत्तीर्ण’ म्हणजे तरून पलीकडे गेलेला. ‘संमत’ म्हणजे ज्याविषयी मते जुळली ते. ‘मंजूर’ हा मूळचा अरबी शब्द. ‘नजर’ या शब्दाशी त्याचे नाते असून ‘पाहिलेले, नजरेखालून गेलेले’ हा त्याचा मूलार्थ होय. निजामाच्या राजवटीत उर्दू ही कारभाराची भाषा असल्याने मराठवाड्यात अशा शब्दांचा परिचय विशेष आहे. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस राज्यकारभारात स्थान मिळाले. संस्कृत आणि अरबी-फारसी या दोन्ही परंपरांतील शब्द आज मराठीचेच आहेत व प्रत्येकाचे काम ठरलेले आहे.

टप्प्यांचा प्रश्न

सर्वच ठिकाणी ‘पास’ म्हटल्याने खरी अडचण होते ती टप्प्यांची. विधेयक विधानमंडळात संमत झाले, म्हणजे कायदा झाला असे नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०० प्रमाणे ते राज्यपालांकडे जाते व अनुमती मिळाल्यावरच त्याचा अधिनियम होतो. ‘बिल पास झाले’ या शब्दांतून हा फरक कळत नाही. किंबहुना ते बिल विधेयकाचे की ठेकेदाराच्या देयकाचे, हेही उमगत नाही.

शाळेतही असेच घडते. ‘वर्गोन्नत’ म्हणजे वरच्या वर्गात घातलेला आणि ‘उत्तीर्ण’ म्हणजे परीक्षेत आवश्यक गुण मिळविलेला. पालक दोहोंस ‘पास’ म्हणतात आणि मुलाची वाचनातील वा गणितातील उणीव वेळीच ध्यानी येत नाही.

सर्वांत अधिक हानी होते ती शेतकऱ्याची. समजा, शासकीय योजनेतील सिंचन विहिरीसाठी एखाद्या शेतकऱ्याचे नाव ग्रामसभेच्या ठरावात आले. गावात बातमी पसरते, ‘विहीर पास झाली.’ तो उसनवार करून खोदकाम सुरू करतो. वस्तुतः केवळ ठराव संमत झालेला असतो. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता व कार्यारंभ आदेश हे टप्पे अद्याप बाकी असतात. आदेशापूर्वी केलेला खर्च पुढे मान्य झाला नाही, तर कर्जाचा बोजा त्याच्याच माथी येतो. सदस्याने खोटे सांगितलेले नसते, शेतकऱ्याने चुकीचे ऐकलेलेही नसते. एका शब्दाने चार पायऱ्या झाकल्या गेलेल्या असतात.

करावयाची काळजी

बोलण्यात ‘पास’ शब्द येऊ नये, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. तो लोकांच्या तोंडी बसलेला आहे. परंतु कार्यवृत्त, सूचनाफलक व नागरिकांस द्यावयाचे पत्र यांत नेमका शब्द असावा. कोणी मान्यता दिली, कशास दिली व आता कोणता टप्पा शिल्लक आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे पत्रातून मिळावीत. ‘ग्रामसभेने ठराव संमत केला आहे, प्रशासकीय मान्यता मिळालेली नाही, कार्यारंभ आदेशापूर्वी काम सुरू करू नये’ एवढी तीन वाक्ये एखादे कुटुंब कर्जातून वाचवू शकतात.

शिक्षकांनी वर्गात ‘पास’ असलेली दहा वाक्ये फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांकडून प्रत्येकासाठी योग्य मराठी शब्द शोधून घ्यावेत. इंग्रजी क्रियापदाचे स्वरूप आणि मराठीची शब्दसंपदा या दोहोंची ओळख एकाच तासात होईल.

‘पास’ या शब्दाचे मूळ पाऊल या अर्थात आहे, हे येथे पुन्हा स्मरणात ठेवणे इष्ट. पास होणे म्हणजे एक पाऊल पुढे पडणे. ते कितवे पाऊल आहे व मुक्काम अजून किती दूर आहे, हे नागरिकास समजेल अशा शब्दांत सांगणे हे कारभाराच्या भाषेचे काम होय.