जुनी होडी घेताना

आपल्या खंडाळा तालुक्याच्या उत्तर अंगाला नीरा नदी वाहते. नदीच्या पलीकडे पुणे जिल्हा. या नदीवर वीरचे धरण १९६५ साली पुरे झाले. पाणी अडले, मागे फुगवटा पसरला, त्यात मासा वाढला. काठच्या माणसाला होडी लागू लागली. नवी होडी महाग, म्हणून पुष्कळ जण जुनी घेतात. कोणी बचत गटाचे कर्ज काढतो, कोणी दारची शेळी विकतो. एवढा पैसा घालून आणलेली होडी काठाशी पाझरली तर पैसा जातो. भर पाण्यात पाझरली तर जिवावर बेतते. तेव्हा जुनी होडी कशी पारखावी ते आज पाहू.

बैलबाजारात आपण काय करतो? रंगवलेली शिंगे आणि गळ्यातले गोंडे बघून कोणी पैसे मोजत नाही. जबडा उघडून दात बघतो, चालवून बघतो. होडीचेही तसेच. नवा चकचकीत रंग दिसला की आम्हांला आधी संशय येतो. विकायच्या आठ दिवस आधी रंग कशाला दिला? कोणी हौसेने देतो, कोणी खालचे झाकायला देतो. मालकाला सरळ विचारावे. मग होडी पालथी घालायला सांगावी. तो म्हणेल, "पावनं, कशाला तरास? तळ एकदम चांगला हाय." आपण म्हणावे, "असू दे की. बघून घेतो." पालथी करूच देत नसेल तर चहा पिऊन घरी यावे.

होडी लाकडाची असेल तर सोबत दाभण न्यावे. तळाचा मधला कणा, फळ्यांचे सांधे आणि आतल्या आडव्या फासळ्यांच्या खालची जागा, इथे पाणी साठते आणि लाकूड कुजते. तिथे दाभण दाबावे. चांगल्या लाकडात ते टोकापुरतेच जाते. कुजक्या लाकडात लोण्यात गेल्यासारखे शिरते. खिळ्यांभोवती काळे डाग असतील तर खिळा गंजला आहे आणि त्याच्या बाजूचे लाकूडही सैल झाले आहे, असे समजावे. होडी कोकणातून, खाऱ्या पाण्यातून आणलेली असेल तर दुप्पट सावध राहावे. समुद्रात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. दिसतो अळीसारखा, पण जात शिंपल्याची. तो बारीक भोकाने आत शिरतो आणि आतून लाकडाची चाळण करतो. वरून फळी धडधाकट दिसते.

पत्र्याच्या होडीत गंज पाहावा, विशेषतः जोडांवर आणि आतल्या कोपऱ्यांत. रंगाचे पोपडे नखाने काढून बघावेत. लहान हातोडीने हलकेच ठोकावे. पत्रा जिथे पातळ झाला असेल तिथे आवाज बदलतो आणि खळगाही पडतो. मालक रागावला तर रागावू द्या.

आता फायबरच्या होड्या फार झाल्या आहेत. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचे कापड. त्याचे थरावर थर रसायनाने चिकटवून होडी घडवतात. हे थर एकदा सुटू लागले की होडीचे दिवस भरले. ते डोळ्यांनी दिसत नाही, पण कानाने कळते. आपल्या घरची बाई मडके घेताना टिचकी मारते ना? तेच करायचे. रुपयाचे नाणे घेऊन तळावर वीत वीत अंतराने वाजवत जावे. आवाज खणखणीत आला तर ठीक. मध्येच बद्द आला तर तिथे खडूने खूण करावी. मग होडीत उभे राहून त्या जागी पायाने दाबावे. मऊ लागले, लवले, तर ती होडी सोडून द्यावी. वरच्या रंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर तिथे कधीतरी दणका बसलेला आहे. रेघ वरच्या कातडीपुरती आहे की खोल गेली आहे, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. अंधार पडल्यावर होडीच्या आत बॅटरी लावावी आणि बाहेरून बघावे. फायबर पातळ असेल तर उजेड झिरपतो, चीर असेल तर रेघ उजळून दिसते.

सहलीच्या ठिकाणी लाल-पिवळ्या अरुंद होड्या असतात, त्यांना कयाक म्हणतात. एक-दोन माणसांनी बसून दुपाती वल्ह्याने ती मारायची. मूळची ही उत्तरेकडच्या बर्फाळ मुलुखातल्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बांधत, आणि ज्याला शिकारीला जायचे त्याच्याच अंगाच्या मापाने बांधत. हल्लीच्या बहुतेक कयाक प्लास्टिकच्या असतात आणि जुन्या झाल्या की स्वस्तात निघतात. हे प्लास्टिक उन्हात वर्षानुवर्षे पडले की ठिसूळ होते. रंग उडून पांढुरके झाले असेल तर जपून. आणि चिरलेल्या प्लास्टिकवर साधे ठिगळ टिकत नाही. बहुतेक होड्यांच्या प्लास्टिकला गोंद धरतच नाही. ते तापवून, त्याच जातीचे प्लास्टिक वितळवून सांधावे लागते. कयाकच्या दोन्ही टोकांना बंद कप्पे असले तर झाकणे उघडून आत हात घालावा. ओल लागली तर पाणी कुठून येते ते शोधल्याशिवाय सौदा करू नये. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: जाळे टाकायला कयाक कामाची नाही.

आता खरी परीक्षा, पाण्यातली. पाण्यात घातल्याशिवाय इसार देऊ नये. होडी आतून कोरडी पुसून घ्यावी. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात सोडावी आणि तिथेच तासभर थांबावे. रिकाम्या होडीचे जोड वरच राहतात, म्हणून आत दगड किंवा वाळूची पोती ठेवून ती कामाच्या वेळी बसते तेवढी खाली बसवावी. मग पाणी कुठून येते ते बघावे. लाकडी होडी उन्हात महिनोन्‌महिने पडलेली असेल तर पहिल्या दिवशी ती पाझरणारच. फळ्या सुकून आकसलेल्या असतात. दोन दिवस पाण्यात राहिली की लाकूड फुगते आणि सांधे मिटतात. तेवढ्यावरून चांगली होडी नाकारू नये. पण तिसऱ्या दिवशीही पाणी येत असेल तर दुखणे निराळे. फायबरला आणि पत्र्याला ही सवलत नाही. तिथे वाटीभर पाणी आले तरी भोक शोधायचे.

थोडा हिशेब करू. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. पाण्याच्या रेषेवर होडीचा पसारा ३ चौरस मीटर धरा. तर ६० किलोचा माणूस चढला की ती सुमारे २ सेंटिमीटर खाली जाते. आत ५ सेंटिमीटर पाणी साचले तर ते झाले १५० लिटर, म्हणजे १५० किलो. अडीच माणसे फुकट बसली! आणि ही माणसे एका जागी बसत नाहीत. होडी कलली की सगळी त्याच बाजूला धावतात. म्हणून आपण जितकी माणसे आणि जितका मासा नेणार, तितके वजन ठेवून बघावे. तरीही होडीची कड पाण्यावर निदान वीत-दीड वीत राहिली पाहिजे. वारा सांगून येत नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यावर कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. होडीबरोबर माणशी एक जीवरक्षक जाकीट मिळते का ते विचारावे. नसेल तर तेवढे पैसे किंमतीतून कमी करून घ्यावे आणि ते जाकिटावरच खर्च करावे.

वल्ही, दोर, पाणी उपसायचा डबा हेही सौद्यात धरावे. वल्ह्याचा दांडा पात्याला मिळतो तिथे मोडतो, ती जागा पाहावी. होडीवर क्रमांक असेल तर तो स्वतः वाचावा आणि मालकाच्या कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. इंजिनाच्या होडीची नोंदणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे लागते. ती कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. मासे धरायचे असतील तर त्या जलाशयाचा ठेका कोणाकडे आहे, तेही आधी विचारावे. होडी आहे आणि जाळे टाकायची मुभा नाही, असे व्हायला नको.

मग पावती. वहीच्या पानावर चालते. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, होडी कशाची, लांबी किती, क्रमांक, सोबत काय काय मिळाले, किती रुपये दिले, किती बाकी, तारीख, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. दोन प्रती कराव्या, एक आपल्यापाशी ठेवावी. बाकीची रक्कम आकड्यात लिहावी आणि अक्षरांतही लिहावी. ५००० चे ५०००० करायला एक शून्य पुरते.