कोरणी हातात घेण्याआधी

तांब्यावर कोरणी घसरली की आपला हात कच्चा, असं बहुतेक नवशिके धरून चालतात. कारण बहुधा हातात नसतं, टोकात असतं. बोथट कोरणी तांब्यात शिरत नाही, वरवर सरकते. ती शिरावी म्हणून आपण जोर लावतो, आणि जोर लावलेलं हत्यार सुटलं की समोर जे असेल त्यात घुसतं. माझ्या वेळी समोर माझाच डावा हात होता.

शनिवार-रविवारची कार्यशाळा होती. नोकरी सांभाळून काहीतरी हाताने करावं म्हणून आलेले आम्ही सगळे हौशी. खोक्यातून काढलेल्या नव्याकोऱ्या कोरण्या आमच्या हाती दिल्या गेल्या, तांब्याचा पत्रा दिला गेला, आणि चहाच्या सुट्टीपर्यंत एक पान कोरून दाखवा असं सांगितलं गेलं. नवी कोरणी दुकानातून येते ती वापरायला तयार नसते, तिला आधी धार काढावी लागते, हे कुणी सांगितलं नाही. पत्रा धरलेला हात टोकाच्या पुढे असू नये, हेही नाही. अंगठ्याच्या मुळाशी टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, आणि अंगठ्याच्या एका कडेला पुढे कितीतरी महिने स्पर्श कळत नव्हता. शिकवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. दोन दिवसांत प्रत्येकाला स्वतःचं छापचित्र घरी न्यायला मिळावं, एवढाच त्यांचा आग्रह होता. पण दोन दिवसांत छाप हवा असेल तर लिनोलियम कोरावं. तांब्याला ती घाई चालत नाही.

ही कला मुळात सोनारांची. पंधराव्या शतकात जर्मनीतले सोनार धातूवर नक्षी कोरत होते. त्या कोरलेल्या रेघांत शाई भरून ओल्या कागदावर दाबली की चित्र उठतं, हे त्यांच्याच कारखान्यांत रुजलं. चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर सोनाराचाच मुलगा, आणि बापाच्या हाताखाली शिकलेला. त्याचं १५१४चं ‘मेलेन्कोलिया’ भिंगाखाली पाहिलं तर एकही रेघ अडखळलेली दिसत नाही. आपल्याकडेही एक नावाजलेली कामगिरी तांबटाच्या हातची आहे. पुण्याच्या पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील मॅलेट याच्या प्रेरणेने एक तांबट ठसे कोरायला शिकला. नाना फडणविसांना त्याच्याकडून भगवद्गीता छापून घ्यायची होती, पण ते काम पुण्यात पुरं झालं नाही. पुढे मिरजेच्या पटवर्धनांनी त्या कारागिराला आश्रय दिला, आणि १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता मिरजेत छापून झाली. अ. का. प्रियोळकरांनी हा इतिहास नोंदवून ठेवला आहे. सगळी अक्षरं उलटी कोरायची, वेलांट्या-मात्रांसकट, तेव्हा कुठे ती कागदावर सुलटी उमटतात. तो तांबट धातूची नक्षी नव्याने शिकला नव्हता. पत्रा आणि हत्यार यांची ओळख त्याला आधीच होती, आणि नेमकी तीच ओळख आम्हा हौशी मंडळींना नसते.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की चित्राचा विचार काही आठवडे बाजूला ठेवा आणि धार लावायला शिका. एकच कोरणी घ्या, चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराच्या छेदाची. डझनभर कोरण्यांचा संच घेऊ नका. एकीला नीट धार लावता येत नसेल तर बाकीच्या पडूनच राहतात. कोरणीची मूठ तळहातात बसवल्यावर टोक बोटांच्या पुढे दीड-दोन सेंटीमीटर राहायला हवं. त्याहून लांब असेल तर मागचा भाग कापून घ्या, नाहीतर टोकावर ताबा राहत नाही. यंत्राच्या चाकावर घासायची वेळ आली तर दर दोन-चार क्षणांनी पाण्यात बुडवा. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी गेलं असं समजा.

आता दगड. तेलाचा दगड सपाट हवा, मध्ये खोलगट झालेला नको. कोरणीच्या खालच्या ज्या दोन बाजू टोकाशी एकत्र येतात, त्या आधी दगडावर पूर्ण टेकवून घासा. इथे मनगट जरा जरी उचललं गेलं तरी कड गोल होते, आणि गोल कड कधीच नीट कापत नाही. त्यानंतर टोकाचं तोंड साधारण पंचेचाळीस अंशांत धरून लहान गोलाकार फिरवा. शेवटी मऊ लाकडात टोक एकदा खुपसून काढा म्हणजे कडेला लोंबणारा बारीक कीस निघून जातो. मग भिंग लावून बघा. टोकाशी चकाकणारा ठिपका दिसला तर ते अजून बोथट आहे. धारदार टोक उजेड परतवत नाही. दुसरी खूण नखाची: नखावर टोक अलगद टेकवा, जोर न देता. सरकलं तर पुन्हा दगडाकडे जा. अडलं तर तांब्याला हात लावा. कोरताना ही परीक्षा परत परत घ्यावी लागते, कारण टोकाचा कण केव्हा उडतो ते कळतही नाही.

धार बरोबर असली की जोर लागतच नाही. कोरणी पत्र्याला जवळजवळ आडवी धरली की ती तांब्यात नांगरासारखी चालते आणि पुढे तांब्याचा चकचकीत कीस वळत जातो. वळणदार रेघ हवी असेल तर हत्यार वळवायचं नाही, पत्रा फिरवायचा. त्यासाठी पत्र्याखाली वाळूने गच्च भरलेली चामड्याची गोल उशी असते. चामड्याचं काम करणारा कुणीही कारागीर ती शिवून देईल. पत्रा धरणारा हात कायम टोकाच्या मागे किंवा बाजूला ठेवा. हा नियम मोडायला एकही सबब पुरेशी नाही. थकवा आला, मान अवघडली, उजेड कमी झाला, की त्या दिवशीचं काम थांबवा.

पत्रा तांब्याचाच घ्या, सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा. पितळ नवशिक्याला कठीण जातं, आणि ॲल्युमिनियम हत्याराला चिकटतं. कडा कानशीने उतरत्या करा, नाहीतर छापताना कागद फाटतो आणि दाबयंत्राचा फेल्टही कापला जातो. पहिल्या पत्र्यावर नुसत्या समांतर रेघा काढा, मग फुगत जाणाऱ्या आणि निमुळत्या होणाऱ्या. कंटाळवाणं वाटेल. पण हात तिथेच बसतो.

कोरलेला पत्रा छापायला रुळाचं जड दाबयंत्र लागतं, ते घरी कुणाकडे असणार? कलाशाळेत किंवा एखाद्या चित्रकाराच्या स्टुडिओत विचारून बघा. तोवर एक उत्तम उपाय आहे, तो पॅरिसच्या ‘अतेलिए १७’ या छापचित्रांच्या कार्यशाळेत स्टॅन्ली विल्यम हेटर आणि त्यांचे सहकारी वापरत. रेघांत शाई भरून पत्रा नेहमीसारखा पुसून घ्यायचा, भोवती लाकडी पट्ट्यांची चौकट लावायची आणि वर बोटभर जाडीचं प्लास्टर ओतायचं. प्लास्टर घट्ट झालं की उचला. शाईसकट प्रत्येक रेघ उठून वर आलेली दिसते, अगदी खोली-उथळपणासह. कागदी छापाइतकंच ते देखणं असतं, आणि कुठे हात हलला ते कागदापेक्षा स्पष्ट सांगतं.

दोन गोष्टी घराच्या सुरक्षिततेच्या आहेत. कोरायला वेळ लागतो म्हणून अनेकजण आम्लाकडे वळतात. नायट्रिक ॲसिड घरात आणू नका. तांब्यावर ते पडलं की तपकिरी वाफ निघते. ती श्वासात गेली तर लगेच फारसं जाणवत नाही, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवणं हा त्यावर उपाय नव्हे. दुसरी गोष्ट चिंध्यांची. छापाच्या शाईत जवसाचं तेल असतं. ते हवेतला ऑक्सिजन घेत सुकतं आणि सुकताना उष्णता सोडतं. शाई पुसलेल्या चिंध्या बोळा करून पिशवीत कोंबल्या तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता चिंध्या पेटू शकतात. त्या एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

कार्यशाळेला नाव नोंदवण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारा: पहिल्या दिवशी धार लावायला शिकवता का? उत्तर नाही असं आलं तर ते पैसे एका चांगल्या दगडावर आणि भिंगावर खर्च करा.