घरांतील धडा : लहान पोट आणि घट्ट पेज

पांचगणीचें नांव घेतांच आज शाळा, स्ट्रॉबेरीचे मळे आणि जॅमच्या बरण्या डोळ्यांपुढें येतात. परंतु या गांवाची दुसरीही एक ओळख आहे. सन १९१२ मध्यें डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं येथें बेल-एअर नांवाचें क्षयरोग्यांचें आरोग्यधाम काढिलें. त्या वेळीं क्षयावर गुणकारी औषध नव्हतें. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध सन १९४३ मध्यें लागला. म्हणून त्या काळच्या आरोग्यधामांत मोकळी हवा, विसांवा व सकस अन्न हीच मुख्य चिकित्सा असे, आणि रोगी सुधारतो कीं नाहीं हें त्याच्या वजनावरून ताडीत असत. डोंगरावरची हवा सर्वांस मिळणार नाहीं. परंतु वजन पाहून अन्न देण्याची रीत प्रत्येक घरास लागू आहे, आणि तिची गरज सर्वांत अधिक घरांतील कृश बालकास आहे.

१. पोट भरतें, पण अंग कां भरत नाहीं?

पुष्कळ माता म्हणतात, "बाळ वाटीभर पेज पितें, तरी हातपाय काडीसारखेच." त्या खरेंच सांगतात. दोष मातेचा नाहीं व बाळाच्या भुकेचाही नाहीं. दोष पेजेंतील पाण्याचा आहे. आठ किलो वजनाच्या बालकाच्या पोटांत एका वेळीं सुमारें पाव लिटर अन्न मावतें. अन्नापासून मिळणारी शक्ति उष्मांकांनीं मोजितात. आईचें दूध पिणाऱ्या एक ते दोन वर्षांच्या बालकास त्या दुधाशिवाय रोज सुमारें ५५० उष्मांक वरच्या अन्नांतून मिळाले पाहिजेत. आतां हिशेब करा. वाटीभर पाण्यांत १० ग्रॅम नाचणीचें पीठ शिजविलें, तर त्यांत सुमारें ३३ उष्मांक येतात. ५५० भरावयास अशा सोळांहून अधिक वाट्या लागतील. कोणतें बालक इतकें पिऊं शकेल? पाण्यानें पोट तडस लागेपर्यंत भरतें, आणि बालक उपाशींच राहतें.

२. तीच वाटी बळकट कशी करावी?

पिष्ट, साखर व प्रथिनें यांच्या एका ग्रॅमांत सुमारें ४ उष्मांक असतात. तेलातुपाच्या एका ग्रॅमांत ९. म्हणून लहान पोटास थोडें तेल हा मोठा आधार आहे. एका वाटीस ३० ग्रॅम, म्हणजे सुमारें चार मोठे चमचे नाचणीचें पीठ घ्या. तें शिजल्यावर त्यांत भाजलेल्या शेंगदाण्यांचें बारीक कूट मोठा चमचाभर, गुळाचा सुपारीएवढा खडा व लहान चमचाभर तेल किंवा तूप घाला. या एका वाटीनें सवादोनशेंच्या आसपास उष्मांक मिळतात. अशा तीन वाट्यांत दिवसाची गरज भागून कांहीं उरतें, आणि कृश बालकाचें अंग त्या उरलेल्यावरच भरतें.

पेज फार घट्ट झाल्यास बाळ गिळीत नाहीं. त्यास पाणी हा उपाय नव्हे. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यांत बांधून मोड आणावे, उन्हांत खडखडीत वाळवून, मोड चोळून काढून दळावी. घट्ट पेज खालीं उतरवून थोडी निवल्यावर हें पीठ चमचाभर ढवळावें. मोडांतील पाचक द्रव्य पिष्टाचे बंध तोडतें व पेज पातळ होते. शक्ति मात्र तितकीच राहते. मग ती पुन्हां एक उकळी आणून द्यावी.

नाचणीच्या जोडीस मऊ डाळभात, अंडें, केळें, दूध हींही द्यावीं. दिवसांतून तीन जेवणें व मध्यें एकदोनदां खाऊ असावा. जबरी करूं नये. जवळ बसून धीरानें भरवावें.

३. काय टाळावें?

सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधावांचून कांहीं देऊं नये, पाणीही नाहीं. महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें सन २०२२ मध्यें मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. मध उत्तम वस्तु खरी, परंतु एक वर्षाच्या आंतील बालकास तो चाटवूं नये, कारण त्यांतील जंतूंनीं त्या वयांत घातक विषबाधा होऊं शकते. अख्खे शेंगदाणे लहान मुलास देऊं नयेत. ते श्वासनलिकेंत अडकतात. चहांत बुडविलेल्या बिस्किटानें भूक मरते, आणि चहामुळें अन्नांतील लोह अंगीं लागत नाहीं. जॅम गोड लागतो, पण रक्तमांस घडविणारें द्रव्य त्यांत फारसें नसतें.

४. वजन व दंड

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या बालविकास योजनेच्या अंगणवाड्या आज गांवोगांव आहेत. तेथें दरमहा बाळाचें वजन करवून घ्यावें व आंकडा लिहून ठेवावा. सहा महिने ते पांच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरहून कमी असेल तर अन्न वाढवून ताईंच्या सल्ल्यानें चालावें. ११.५ हून कमी असेल, दोन्ही पायांवर सूज असेल, किंवा बाळ सुस्त पडून अन्न घेत नसेल, तर घरीं उपाय न करितां त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. अशा बालकास एकदम भारी अन्न देणें जिवावर बेतूं शकतें.

चांगलें खाऊनही वजन वाढत नसेल, आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप असेल, तर क्षयाची तपासणी अवश्य करावी. पूर्वीं ज्या रोगासाठीं लोक पांचगणीचा घाट चढत, त्यावर आज औषध आहे व सरकारी दवाखान्यांत तें विनामूल्य मिळतें.

उपदेशक व शिक्षक बंधूंनो, हा धडा वाचून दाखविण्याआधीं कोणा एका घरीं चुलीपाशीं बसून अशी वाटी शिजवून दाखवा. महिन्यानें त्याच बाळाचें वजन पुन्हां विचारा.

प्रश्न : (१) पातळ पेजेनें बालक उपाशी कसें राहतें? (२) एका वाटींत कोणकोणते जिन्नस घालावे? (३) मोडाच्या पिठाचा उपयोग काय? (४) कोणत्या खुणा दिसतांच दवाखान्यांत जावें?