आग शमली तरी पाय पाहत जा

मिरज, ता. २ एप्रिल

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायांची आग सुरू होते, चादर लागलेलीही सोसत नाही, असं तू लिहिलंस. टेन्सचं मशीन घेऊ का, असंही विचारलंस. जरूर घे, पण ते काय करतं आणि काय करत नाही, हे आधी नीट समजून घे.

कोपर आपटलं की आपण ते चोळतो आणि कळ कमी होते. टेन्स तेच काम विजेच्या सौम्य झिणझिण्यांनी करतं. स्पर्श नेणारे जाड तंतू चेतवले की मज्जारज्जूत वेदनेची वाट अडते, अशी उपपत्ती मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडली. अमेरिकेतल्या मज्जातंतुतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० मध्ये पुरावे तपासले, तेव्हा मधुमेहातल्या या दुखण्यावर टेन्सचा बहुधा उपयोग होतो, असा निर्वाळा दिला. म्हणजे आराम मिळू शकतो. पण साखरेने खराब झालेली नस त्याने दुरुस्त होत नाही. ‘नसा पुन्हा जिवंत करतो’ म्हणून कुणी पायाखालची गादी विकत असेल, तर पैसे खिशातच ठेव.

पॅड बधिर तळव्यावर लावू नकोस. तिथे करंट कळत नाही, माणूस बटण वाढवत जातो आणि कातडी भाजते. स्पर्श नीट कळतो अशी पोटरीवरची जागा फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घे. झिणझिण्या जाणवतील, पण दुखणार नाही, एवढाच जोर ठेव. जखमेवर पॅड नको, आणि मशीन लावून झोपायचं तर मुळीच नाही. पेसमेकर असलेल्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू देऊ नकोस.

खरा धोका आग कमी झाल्यावर असतो. दुखत नाही म्हणून माणूस पाय बघायचंच सोडतो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, चपलेतून खिळा तळव्यात शिरलेला. मोजा रक्ताने भिजलेला दिसेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. तू चेन्नईतल्या अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दिवसभर सेफ्टी शूज घालून उभा असतोस. रोज बूट घालण्याआधी आत हात फिरव, लोखंडाचा कीस असला तर झटकून टाक. संध्याकाळी बोटांच्या बेचक्या आणि तळवे आरशात बघ. फोड, भेग, लाली दिसली तर दुसऱ्याच दिवशी दाखव. मे महिन्यात तिथे कत्तिरीचं, म्हणजे ऐन उन्हाळ्यातलं, ऊन तापतं. तिरुमुल्लैवायलच्या देवळात जायचं तर भल्या सकाळी जा. भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नकोस. देव समजून घेईल.

मशीन मागवण्याआधी तिथल्या डॉक्टरांकडून पाय तपासून घे. नायलॉनच्या धाग्याने आणि ट्यूनिंग फोर्कने तळव्याची संवेदना बघतात, दहा मिनिटांचं काम. तू मेटफॉर्मिन घेतोस, तेव्हा बी-१२ही बघायला सांग. ते कमी असेल तरी मुंग्या येतात. आणि साखर आटोक्यात नसेल तर कुठलंही यंत्र पुरं पडणार नाही.

रिपोर्ट आले की मला पाठव.

तुझा,
मामा